बाबांचा प्रश्न: सोलापूर ते ऑकलंड, अंतर किती आणि वेळ किती?

ऑकलंड
रविवार, 24 ऑगस्ट 2025

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबांनी विचारलं की नोव्हेंबरात तुम्ही दोघं इकडे यायचं तर अंतर किती, वेळ किती, मग सरासरी किती पडते, आणि मी तोंड उघडायच्या आत दादाने फोन घेऊन त्याच्या कतारमधल्या दोहामार्गे येणाऱ्या तिकिटाचं सुरू केलं, आणि मग आई म्हणाली की कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ठेवा आता. म्हणून सगळं सावकाश लिहून काढतेय. दादा, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून बाबांना दे, मोबाइलवर वाचायला लावू नकोस, मधेच स्क्रीन बंद होते आणि मग त्यांचा पारा चढतो.

आम्ही मजेत. थंडी आहे अजून, ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळाच, दिवसातून चार वेळा पाऊस येतो आणि जातो. बुधवारी गणपती, मूर्ती आणून ठेवलीय, मोदकाला सुकं खोबरं वापरणार आहे, आई तू काही बोलू नकोस.

तर बाबा, आधी तुमचं अंतर. मुंबई ते ऑकलंड सरळ रेघेत साधारण 12,300 किलोमीटर. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर सरळ, भिंतीवरच्या नकाशावर नाही. तुमच्या नातीचा पृथ्वीगोल आहे, त्यावर मी शिवणाचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर, दुसरं ऑकलंडवर, आणि ताणून धरला. दोरा कुठून गेला माहितीये? सिंगापूरच्या जवळून. बरोब्बर त्यावरून नाही, चारेकशे किलोमीटर बाजूने. मग कॉम्प्युटरवर नीट मोजलं. मुंबई ते सिंगापूर 3,920, सिंगापूर ते ऑकलंड 8,410, बेरीज 12,330. म्हणजे सिंगापूरला उतरून जायचा फेरा किती, तर जेमतेम तीस किलोमीटर. तेवढ्यात आपलं मोहोळसुद्धा येत नाही. तुम्ही एसटीच्या डेपोत असताना बारा हजार किलोमीटरच्या रूटवर तीस किलोमीटरचा वळसा घेऊन थांबा मिळाला असता तर एका सहीत मंजूर केला असता, खरं ना?

आणि पुढचं ऐका. मुंबई-सिंगापूरची ती सरळ रेघ पुण्याला चिकटून निघते आणि सोलापूरच्या डोक्यावरून जाते! विमानं हवाई मार्गांप्रमाणे थोडी इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे अगदी आपल्या गच्चीवरूनच जाईल असं नाही, पण हिशोब असा की तुम्ही पहाटे घराला कुलूप लावून रेल्वेने 455 किलोमीटर पश्चिमेला मुंबईला जाणार, आणि रात्री विमानात बसून अर्ध्या तासात परत सोलापूरवर येणार. कुलूप नीट लागलंय का एवढं बघायची सोय नाही फक्त. तुम्ही म्हणाल मग इथूनच का नाही बसवत आम्हाला. बसवलं असतं हो. पण मोठी विमानं मोठ्या विमानतळावरूनच सुटतात, आणि भारतातून न्यूझीलंडला थेट विमान अजून कुठूनच नाही, मुंबईहूनही नाही आणि दिल्लीहूनही नाही. मार्चमध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांनी आपसात करार केलाय, 2028 च्या शेवटापर्यंत थेट विमान सुरू करता येतं का ते बघणार आहेत. होईल तेव्हा होईल, आपण नोव्हेंबरचं बोलू.

आता दादाचं दोहा. दादा, तिकिटामागे बारा-तेरा हजार वाचतात हे मला मान्य आहे, मलाही दिसतात ते पैसे. पण रूट बघ ना जरा. दोहा आपल्या पश्चिमेला आणि ऑकलंड आपल्या पूर्वेला. म्हणजे आधी मुंबईहून 2,300 किलोमीटर उलटं जायचं, तिथे विमान बदलायचं, आणि मग 14,535 किलोमीटर एका दमात. एकूण झाले 16,800 च्या वर. सिंगापूरपेक्षा साडेचार हजार किलोमीटर जास्त, फुकटचे. आणि डोक्याला हात लावायची गोष्ट म्हणजे दोहा ते ऑकलंड ही सरळ रेघ अरबी समुद्र ओलांडून केरळवरून जाते. म्हणजे दोहाहून निघाल्यावर साडेतीन तासांनी आई-बाबा परत भारतावर! मुंबई सोडून दहा तास होत आलेले असणार आणि खाली कोची.

मी दोहाला नावं ठेवत नाहीये हं, ती सेवा 2017 पासून चालू आहे आणि जगातल्या सगळ्यात लांब विमानप्रवासांत मोडते, इथले कितीतरी लोक युरोपला जाताना तिनेच जातात, त्यांना ते सरळ पडतं. आपल्याला पडत नाही. शिवाय जूनमध्ये इराण-इस्रायलच्या भानगडीत एका संध्याकाळी कतारने आपलं आकाशच बंद केलं होतं, विमानं भलतीकडे वळवावी लागली. रोज असं होत नाही, पण पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना (सॉरी बाबा, ज्येष्ठ नागरिकांना) तसल्या गोंधळात कोण टाकणार.

बाबांचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता, की जाताना सिंगापूर-ऑकलंड पावणेदहा-दहा तास आणि येताना पावणेअकरा-अकरा, रस्ता तोच, गाडी तीच, मग तासाचा फरक कसा. वारा, बाबा. वरती, पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर एक मोठा पट्टा आहे, आणि हिवाळ्यात तर तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. विमान स्वतःच्या ताकदीने हवेत साधारण ताशी 900 ने चालतं, पण ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग हजाराच्या वर जातो, आणि उलट येताना तेवढाच कापला जातो. तुम्ही सायकलवरून डेपोत जायचात तेव्हा जाताना वारा पाठीवर आणि येताना छातीवर, तसंच. समोरच्या सीटच्या मागे छोटा टीव्ही असतो, त्यात नकाशा लावा, वेग, उंची, बाहेरचं तापमान, किती अंतर राहिलं, सगळं आकड्यात दिसतं. मला माहितीये तुम्ही सिनेमा बघणार नाही, दहा तास तोच नकाशा बघत बसणार. बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान असतं, ते बघून आईला शाल द्या, उगाच सांगत बसू नका तिला.

डिझेलचं तुम्ही विचारलं नाही पण विचाराल म्हणून सांगते. दोहासारख्या सोळा तासांच्या विमानात शंभर टनांहून जास्त इंधन भरावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं ते इंधनच वाहून न्यायला जळतं. सुरुवातीला विमान इतकं जड असतं की लगेच फार वर चढत नाही, जसजसं इंधन जळून हलकं होतं तसतसं टप्प्याटप्प्याने वर जातं. नकाशावर उंचीचा आकडा मधेच दोन हजार फुटांनी वाढला तर घाबरू नका, टाकी हलकी झाली एवढंच. आणि ड्रायव्हर एकच नसतो, इतक्या लांबच्या विमानात चार पायलट असतात, दोघं चालवतात आणि दोघं झोपतात, त्यांना झोपायला वेगळे बंक असतात. तुमच्या रातराणीच्या ड्रायव्हरला कधी मिळाला होता का बंक?

सिंगापूरनंतरचा रस्ता मला स्वतःला फार आवडतो. आधी तीनेक हजार किलोमीटर इंडोनेशियाची बेटं आणि समुद्र, मग ऑस्ट्रेलियाचा वायव्य कोपरा लागतो, आणि तिथून तिरकं आत शिरून पार दुसऱ्या टोकाला, ब्रिस्बेन आणि सिडनीच्या मधे कुठेतरी विमान समुद्रावर बाहेर पडतं. हा नुसता ऑस्ट्रेलियाचा तुकडा 3,300 किलोमीटरच्या वर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी आपण भूगोलात 3,214 पाठ केलं होतं ना, तेवढा भारत ओलांडायचा, आणि खाली काय, तर काही नाही. दिवसाचं विमान असेल तर तासन् तास लाल माती, कोरड्या नद्यांच्या रेघा, मधेच पांढरं मिठाचं तळं. आपण दुष्काळी भागातली माणसं, पण असलं रिकामं मी आपल्याकडे कधी बघितलं नव्हतं. रात्री तर एक दिवा दिसत नाही, आणि तुमचं विमान रात्रीचं आहे, म्हणजे खिडकीतून काळोखच, पण उजाडताना तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे पोचलेले असाल असा माझा अंदाज आहे, तेव्हा बाबांनी खिडकी घ्यावी आणि आईने कडेची, कारण तिला सारखं उठावं लागतं आणि ती लाजेने उठत नाही.

मग शेवटचा टास्मान समुद्र, दोनेक हजार किलोमीटर, अडीच तास. हा समुद्र विमानाने पहिल्यांदा ओलांडला 1928 मध्ये, किंग्सफर्ड स्मिथ आणि त्याच्या साथीदारांनी, सिडनीहून क्राइस्टचर्चला, चौदा तासांच्या वर लागले होते. आज तेच तीन तासात होतं. आणि 1936 मध्ये जीन बॅटन नावाची इथलीच बाई इंग्लंडहून ऑकलंडपर्यंत एकटी विमान चालवत आली, इवलंसं एका इंजिनाचं विमान, अकरा दिवस लागले. इथल्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला तिचंच नाव आहे आणि ते विमान विमानतळावर टांगून ठेवलंय. आई, तू आल्यावर तुला ते दाखवणारच आहे. सत्तावीस वर्षांची होती ती तेव्हा.

आता आईचा प्रश्न, जो तिने बाबांच्या मागून हळूच विचारला, की गुरुवार कधी सोडायचा. हा सगळ्यात अवघड आहे आणि मी यावर कागद-पेन घेऊन बसले होते. बघ, विमान मुंबईहून बुधवारी 12 नोव्हेंबरला रात्री साडेअकराला सुटतं. अर्ध्या तासात गुरुवार लागला, तू आकाशातच असशील, कदाचित सोलापूरवरच, अक्कलकोट हाकेच्या अंतरावर, मनात स्वामींना नमस्कार कर. सिंगापूरला उतराल तेव्हा तिथे गुरुवारचे सकाळचे साडेसात, म्हणजे आपल्याकडचे पाच. तो दिवसभर तुम्ही सिंगापूरच्या विमानतळावरच आहात. संध्याकाळी साडेआठला दुसरं विमान. पण नोव्हेंबरात न्यूझीलंडचं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं (आत्ता साडेसहा आहे, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही घड्याळं एक तास पुढे करतो, उन्हाळ्यापुरती), त्यामुळे सिंगापूरला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हाच ऑकलंडला गुरुवार संपलेला असतो. म्हणजे भारताच्या मध्यरात्री सुरू झालेला आणि ऑकलंडच्या मध्यरात्री संपलेला असा तुझा गुरुवार अवघा साडेसोळा तासांचा. माझं मत, सिंगापूरला फळं आणि कॉफी घे, बरोबर राजगिऱ्याचे लाडू ठेव (विमानात बसायच्या आधी संपवायचे, का ते खाली सांगते), आणि दुसऱ्या विमानात जेवण देतील ते बिनधास्त जेव, स्वामी काही घड्याळ घेऊन बसलेले नाहीत. मार्चमध्ये परत जाताना कुठला वार येतो बघू, तेव्हा तो एकतीस तासांच्या वर ताणला जाणार आहे, गुरुवारी मी काढणारच नाही तिकीट.

बाबांच्या बीपीच्या गोळीचं मात्र असं मनाने ठरवायचं नाही. घड्याळ बदललं तरी शरीराला ते कळत नाही, गोळ्या तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात, तेव्हा डॉक्टरांना हे सगळं वेळापत्रक दाखवून कागदावर लिहून आणा. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटातच, डबीत काढून नाही, सोबत चिठ्ठी. इथे तीन महिन्यांपुरत्याच आणता येतात, बाकीचं इथे बघू.

आता मुख्य भांडण. सिंगापूरमार्गे दोन तिकिटं मिळतायत. एकात सिंगापूरला दीड तासात दुसरं विमान, मुंबईहून ऑकलंडपर्यंत एकूण सतरा तास. दुसऱ्यात तेरा तास थांबायचं, एकूण अठ्ठावीस तास. आणि दादाचं दोहाचं धरलं तर बावीस-तेवीस. बाबा म्हणणार सतरावालं घ्या, सरळ आहे, वेळापत्रकात तेच सगळ्यात चांगलं दिसतं. मी अठ्ठावीसवालं घेणार आहे, आणि त्याची कारणं ऐका मग काय ते बोला.

एक तर दीड तास म्हणजे फार काही नाही. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की तुम्ही पळणार, आणि आईचे गुडघे पळण्यातले नाहीत. व्हीलचेअर मी दोघांसाठी सांगून ठेवतेय, हो बाबा, तुमच्यासाठीसुद्धा, तुम्हाला चालता येतं हे जगाला माहितीये, पण व्हीलचेअरवाला माणूस बरोबर असला की गेट शोधावं लागत नाही, इंग्रजीत विचारावं लागत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई एकटी पडत नाही. दुसरं, ते सतरावालं विमान ऑकलंडला मध्यरात्रीच्या सुमाराला पोचतं, कस्टम वगैरे होऊन घरी यायला दोन वाजणार, आणि तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे झोप येणार नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी डुलक्या. तेच शुक्रवारी सकाळी अकरा-साडेअकराला उतरलात तर ऊन असेल, घरी येऊन वरणभात खायचा, संध्याकाळपर्यंत ओढूनताणून जागं राहायचं आणि रात्री झोपायचं, दोन-तीन दिवसात रुळावर याल.

आणि तिसरं, जे मला खरं महत्त्वाचं वाटतं, ते आईचे पाय. मागे नुसत्या पुण्याच्या प्रवासात तिच्या पायाला सूज आली होती, आठवतंय ना. दोहाच्या विमानात एका जागी सोळा तास. सिंगापूरमार्गे साडेपाच तास, मग मधे आडवं होणं, मग दहा तास. सिंगापूरच्या विमानतळावर आतल्या आतच तासांवर खोली मिळते, बाहेर पडायचं नाही, व्हिसा लागत नाही, सामान परत घ्यायचं नाही, ते थेट ऑकलंडला येतं. मी आठ-नऊ तासांची खोली घेऊन ठेवते. आंघोळ करा, पाय वर करून झोपा, उठून आतली बाग बघा, आणि मग ताजेतवाने होऊन बसा. वेळापत्रकात हे तेरा तास वाया गेलेले दिसतात, पण तेच मला पाहिजेत. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या बाथरूमपर्यंत एक चक्कर, बसल्या बसल्या टाचा वरखाली, आणि पाणी. आई, पाणी कमी प्यायचं नाही, बाथरूमला जावं लागेल म्हणून तू एसटीत तेच करायचीस, इथे उलट जावं लागलं तरच चांगलं.

बाबा, तुमची सरासरी काढली बरं का. नुसते विमानातले तास धरले तर 12,330 किलोमीटर आणि पंधरा तास वीस मिनिटं, म्हणजे ताशी आठशेच्या आसपास. पण डेपोतल्या हिशोबाने घर ते घर धरायचं ना? बुधवारी पहाटे पाचला घरातून निघाल, सहाची वंदे भारत, दुपारी मुंबई, ठाण्याला काकांकडे जेवून थोडं पडायचं, आठ वाजता विमानतळ, आणि शुक्रवारी दुपारी दीडला आमच्या दारात, म्हणजे तुमच्याकडचे सकाळचे सहा. एकूणपन्नास तास. रेल्वे, विमान आणि शेवटी आमची गाडी असं मिळून साधारण 12,800 किलोमीटर. सरासरी ताशी 261. रातराणीपेक्षा बरी आहे पण जाहिरातीतल्या नऊशेपेक्षा किती कमी बघा, आणि विमान कितीही फास्ट केलं तरी ती फार वाढणार नाही, कारण एकूणपन्नासातले चौतीस तास तुम्ही विमानात नाहीच आहात.

आई, अहमदाबादचा अपघात झाल्यापासून विमान म्हटलं की तू गप्प होतेस ते मला फोनवरसुद्धा कळतं. मी तुला आकडे सांगून समजावणार नाही, त्या दिवशी मीसुद्धा रात्रभर बातम्या बघत बसले होते. एवढंच सांगते की भीती वाटली तर वाटू दे, बाजूला बाबा आहेत आणि ते नकाशा वाचून दाखवत बसतील, तू जप कर. हवेत विमान हललं तर बेल्ट लावून बसायचं, ते आपल्या बार्शी रोडपेक्षा कमीच हलतं.

सामानाचं नीट ऐका, इथे फार कडक आहेत. शेती जपायची म्हणून बाहेरचं कुठलंही बी, कीड, माती आत येऊ देत नाहीत. विमानतळावर कुत्री हुंगत फिरतात. खायचं काहीही असेल तर फॉर्मवर लिहायचं (तो फॉर्म ऑनलाइन असतो, निघायच्या आदल्या दिवशी दादा आणि मी मिळून भरू), लिहून दिलं आणि त्यांना नको असलं तर ते नुसतं काढून घेतात, पण न लिहिता सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड, एक विसरलेलं सफरचंदसुद्धा चालत नाही. विमानात दिलेलं फळ पर्समध्ये टाकायचं नाही, आई, तुला सांगतेय. राजगिऱ्याचे लाडू त्यासाठीच सिंगापूरला संपवायचे. मध नाही. ताजा कढीपत्ता नाही. तुळशीचं, मेथीचं, कसलंही पेरायचं बी नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणा आणि स्पष्ट लिहा, चटणी दुकानातली पॅकबंद, लेबल लावलेली, घरच्या डब्यातली नको, म्हणजे वाद नको. बाबा, शेतावर घालता त्या चपला घरीच ठेवा, आणि बूट आणाल ते खालून ब्रशने घासून, तळाला माती दिसली तरी ते थांबवतात.

अजून काय. ऊन इथे नोव्हेंबरात फार कडक लागतं, थंडी असली तरी, तेव्हा टोप्या आणा. आणि सूर्य दुपारी उत्तरेला असतो, पूजेला बसताना बाबांचा दिशांचा गोंधळ होणार आहे, देवघर मात्र मी पूर्वेलाच ठेवलंय.

दादा, बाबांच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग आणि आधारवरचं वेगळं आहे असं मागे वहिनी म्हणाली होती, तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच पाहिजे, तेव्हा दोघांच्या पासपोर्टचे पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो आज पाठव, सावलीत काढलेले नकोत, मागच्या वेळी अर्ध्या पानावर तुझाच अंगठा होता. मंगळवारी रात्री मी सिंगापूरवालं, लांबलेलं, बुक करतेय. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याच्या आधी म्हणा. ते बारा-तेरा हजार माझ्याकडून, त्यावर चर्चा नाही.

मोठ्यांना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना पापा. नात विचारतेय आजी येताना तिळाची पोळी आणणार का, तिला मी लिहून द्यावं लागेल असं सांगितलंय.

तुमची,
ताई